आलीची शेती : एका तांबड्या रंगाचा अस्त

लक्ष्मीपूजनाच्या पाटावर जुन्या पेठांतल्या दुकानांत आजही तांबड्या कापडाची बांधणी असलेली वही ठेवतात. सगळा हिशेब संगणकात ठेवणारे व्यापारीसुद्धा पूजेपुरती एक वही विकत आणतात. त्या कापडाचे मूळ नाव खारवा. जाड, घट्ट विणीचे, गडद तांबडे सुती कापड. वह्यांच्या बांधण्यांना, गाद्यांना, तंबूंच्या अस्तरांना ते लागे, आणि त्याला वाळवी-कसर लागत नाही असा समज होता. आज खारवा म्हणून जे मिळते त्याचा रंग कारखान्यातला आहे. दीडशे वर्षांपूर्वी तो शेतातून येई. ज्या पिकाच्या मुळांतून येई त्याचे नाव आल.

आल म्हणजे स्वयंपाकघरातले आले नव्हे. दोघांचा काही संबंध नाही. आलीला आपल्याकडे सुरंगी असेही म्हणत, आणि झाड म्हणून ती वाढू दिली तर तिला व तिच्या भावकीतल्या झाडांना बारतोंडी म्हणतात. खडबडीत, डोळे-डोळे असलेले, पिकल्यावर उग्र वासाचे फळ येते ते हेच झाड. अलीकडे ‘नोनी’ नावाचा काढा बाटल्यांतून महाग विकला जातो तो याच झाडाच्या फळाचा. वनस्पतिशास्त्रातले नाव मोरिंडा सिट्रिफोलिया. माळवा, बुंदेलखंड, राजपुतान्याचा कोटा-बुंदीकडचा भाग, मध्य प्रांत, वऱ्हाड आणि खानदेश एवढ्या मोठ्या पट्ट्यात काळ्या जमिनीवर हे पीक घेतले जात असे. झाडे म्हणून नव्हे, पीक म्हणून. पेरलेले, निंदलेले आणि खणून काढलेले.

वसाहतकाळात नैसर्गिक रंगांची शेती बुडाली, एवढे वाक्य म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर नीळ येते. ते साहजिकच आहे. निळीला बंगालमधला १८५९-६०चा उठाव आहे, दीनबंधू मित्रांचे ‘नीलदर्पण’ नाटक आहे, त्याचा इंग्रजी अनुवाद छापल्याबद्दल तुरुंगात गेलेले पाद्री जेम्स लाँग आहेत, आणि शेवटी चंपारण व गांधीजी आहेत. आलीला यांपैकी काहीच नाही. तिच्यासाठी कुणी मळेवाला गोरा साहेब रयतेवर चाबूक घेऊन उभा राहिला नाही. ती शेतकऱ्याने आपल्या मर्जीने पेरली आणि आपल्याच मर्जीने पेरायची थांबवली, असे वरवर दिसते. मी अनेक वर्षे वस्त्ररसायन शिकवले, त्यामुळे रंगाच्या बाजूने या विषयाकडे आलो. पण जसजसे वाचत गेलो तसतसे मला वाटू लागले की वसाहतीच्या अर्थकारणाचे काम कसे चालते हे समजून घ्यायला निळीपेक्षा आल अधिक उपयोगी आहे. निळीत जुलूम दिसतो. आलीत तो दिसत नाही, आणि तरी पीक नाहीसे होते.

पिकाची रीत आधी सांगतो. पावसाळ्याच्या तोंडाला बी दाट पेरीत. पहिल्या वर्षी निंदणी भरपूर लागे. पाटपाण्याची गरज नसे, काळी जमीन ओल धरून ठेवी. पहिले वर्ष जाई, दुसरे जाई, आणि तिसऱ्या वर्षी, काही ठिकाणी त्याहूनही उशिरा, रान खणायला घेत. रंग असतो मुळाच्या सालीत. मूळ जितके बारीक तितका रंग जास्त. जाडजूड मुळाच्या आत नुसते लाकूड. म्हणून खणणारा माणूस वरवर खणून भागत नसे, तीन-चार फूट खाली जाऊन बोटभर, काडीभर जाडीची मुळेही जपून काढावी लागत. मग त्यांची प्रतवारी होई : बारीक, मध्यम, जाड. बारीकला सर्वांत चांगला भाव. आणि वेळ चुकवायची नाही. तीन-चार वर्षांच्या पुढे झाड राहिले तर मुळे लाकडाळतात आणि रंग उतरत जातो.

या खणणीला मजुरी फार लागे, हे खरे. पण तिचा दुसराही हिशेब होता. काळ्या जमिनीतला कुंदा आणि हरळी नांगराला दाद देत नाही, हे कोरडवाहू शेतकऱ्याला सांगायला नको. आलीच्या निमित्ताने रान माणसाच्या कमरेइतके खोल उलथेपालथे होई. तणाची मुळे निघून जात, खालची माती वर येई. पुढच्या गव्हा-हरभऱ्याला असे रान मिळणे म्हणजे भाग्यच. आलीचे उत्पन्न मोजताना केवळ मुळांची किंमत धरली तर हा भाग सुटतो. शेतकऱ्याच्या मनात मात्र तो असणारच.

मुळे बाजारात गेली की ती रंगाऱ्याच्या हाती पडत. रंगारी हा आपण एकच शब्द वापरतो, पण तांबड्याचे आणि निळ्याचे काम करणारे बहुधा वेगळे असत. निळीच्या पिंपात हात घालणारे ते निराळी. अहमदनगर-सोलापूरकडे ही वस्ती मोठी. तांबड्याचे, छापाचे काम भावसार, रंगारी, छिपा यांच्याकडे. यात जातीचा भाग आहे तसा रसायनाचाही आहे. नीळ पाण्यात विरघळत नाही, ती आंबवून विरघळवावी लागते, कापड बाहेर काढल्यावर हवेने निळे होते. आलीचा रंग याच्या अगदी उलट स्वभावाचा. तो सुताला स्वतःहून धरतच नाही. त्याला मध्ये दलाल लागतो. तुरटी हा तो दलाल. आणि तुरटीलाही सुतावर बसायला तेलाची बैठक लागते.

ही बैठक करण्याचे काम आठवडेच्या आठवडे चाले. कापड धुऊन खळ काढायची. तिळाचे किंवा एरंडाचे तेल, सज्जीखार किंवा राखेचे पाणी असे कालवून त्यात ते भिजवायचे, तुडवायचे, उन्हात वाळवायचे. पुन्हा भिजवायचे, पुन्हा वाळवायचे. मग हिरड्याचे पाणी. मग तुरटी. आणि शेवटी आलीच्या सालीची भुकटी पाण्यात घालून, बऱ्याच ठिकाणी धायटीची फुले सोबत टाकून, कापड हळूहळू तापवत उकळीपर्यंत न्यायचे. एवढे केल्यावर जो तांबडा रंग येई तो धुण्याने जात नसे, उन्हाने सहजी उडत नसे.

हे खरे की कसे, ते विद्यार्थ्यांना दाखवायला मी एकदा प्रयोगशाळेत बारतोंडीच्या मुळांची साल वाटून दोन मांजरपाटाचे तुकडे रंगवले होते. एकाला नुसती तुरटी लावली. दुसऱ्याला आठ दिवस तेल-खाराचे पाणी पाजून मग तुरटी. एकाच भांड्यात दोन्ही उकळले. पहिला तुकडा फिकट, मातकट तांबूस झाला आणि साबणाने आणखी उतरला. दुसरा गडद, काहीसा डाळिंबाच्या सालीकडे झुकणारा लाल. विद्यार्थ्यांना वाटले मी भांड्यात काहीतरी मिसळले. रंग मुळात असतो, पण लाल रंगवणे हे तेलात असते, हे त्यांना त्या दिवशी पटले.

हीच गोष्ट ग्लासगोच्या छापखान्यांना १८४०च्या दशकात कळली नव्हती. मुंबईहून ‘सुरंजी’ या नावाने आलीची मुळे तिकडे पाठवली गेली होती. तिथल्या अनुभवी कापड-छपाईवाल्यांनी ती आपल्या नेहमीच्या तुरटी लावलेल्या कापडावर वापरून पाहिली आणि निकाल दिला की हा रंगच नव्हे. थॉमस अँडरसन या स्कॉटिश रसायनज्ञाने त्यातून एक पिवळे स्फटिकी द्रव्य वेगळे काढले, त्याला मोरिंडिन नाव दिले, आणि तेलाने तयार केलेल्या कापडावर त्याचा पक्का तांबडा रंग बसतो हेही दाखवले. वऱ्हाडातल्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या रंगाऱ्याला जे बापजाद्यांपासून ठाऊक होते ते असे प्रयोगशाळेतून सिद्ध झाले. पण ग्लासगोकडे तोवर लेव्हांटची, हॉलंडची, फ्रान्सची मंजिष्ठ होतीच. आलीला विलायती गिऱ्हाईक कधी मिळाले नाही. ती देशातच पिकली, देशातच खपली. त्यामुळे कंपनीच्या निर्यातीच्या तक्त्यांत नीळ पानोपानी दिसते, आल जवळजवळ दिसत नाही. आणि इतिहास बहुतेक निर्यातीच्या तक्त्यांवरून लिहिला जातो.

आता युरोपकडे वळू. तिथली मंजिष्ठ, म्हणजे रुबिया टिंक्टोरम, ही आपल्या सह्याद्रीतल्या मंजिष्ठेची बहीण. तिच्या मुळातला मुख्य रंग अलिझरीन फ्रान्समध्ये १८२६ साली वेगळा काढला गेला होता. १८६८ साली बर्लिनमध्ये ग्रेब आणि लीबरमान या दोघांनी तो डांबरातून निघणाऱ्या अँथ्रासीनपासून बनवला. प्रयोगशाळेत बनवलेला हा पहिला वनस्पतिज रंग. स्वस्त कृतीचे पेटंट इंग्लंडमध्ये १८६९च्या जून महिन्यात त्यांनी कारो यांच्यासह मागितले, आणि दुसऱ्याच दिवशी विल्यम पर्किनने स्वतंत्रपणे तशाच कृतीचे मागितले. एका दिवसाचा फरक. हा पर्किन तोच, ज्याने १८५६ साली अठराव्या वर्षी क्विनाइन बनवायला जाऊन जांभळा रंग बनवला होता.

कारखान्यातला अलिझरीन आणि मुळातला अलिझरीन हा एकच पदार्थ आहे, नक्कल नव्हे, हे इथे लक्षात ठेवले पाहिजे. ‘कृत्रिम रंग कच्चा, नैसर्गिक रंग पक्का’ हे आपले आवडते वाक्य अलिझरीनला लागू पडत नाही. आरंभीचे अनिलिन रंग भडक आणि उडते होते, हे खरे. अलिझरीन मात्र मंजिष्ठेइतकाच पक्का होता, कारण तो मंजिष्ठेचाच होता. मुळात शेकडा एखाददोन भाग असणारा रंग पिंपांतून शेकडा वीस भागांच्या लगद्याच्या रूपात मिळू लागला. एका दशकात त्याचे भाव कोसळले.

पहिला घाव फ्रान्सवर पडला. आविन्यों भोवतालच्या व्होक्ल्यूज प्रांतात जाँ अल्थेन या आर्मेनियन माणसाने अठराव्या शतकात मंजिष्ठेची शेती आणली होती. तिला आधार म्हणून फ्रेंच सरकारने १८२९ पासून आपल्या पायदळाला मंजिष्ठी लाल विजारी दिल्या. १८८०च्या सुमारास ती शेती संपली. कीटकांच्या अभ्यासासाठी जगभर नावाजलेले जाँ-आंरी फाब्र हे तिथल्याच शाळेत शिक्षक. मंजिष्ठेतून शुद्ध रंग काढण्याच्या कृतीवर त्यांनी वर्षे घालवली होती आणि त्या पैशावर नोकरी सोडण्याचे स्वप्न पाहिले होते, ते अलिझरीनने धुळीला मिळवले. विजारी मात्र लालच राहिल्या. १९१४च्या ऑगस्टमध्ये फ्रेंच शिपाई जर्मनांपुढे ज्या लाल विजारी घालून उभे राहिले त्यांचा रंग जर्मन कारखान्यांतला होता.

व्होक्ल्यूजच्या शेतकऱ्याला निदान आपले काय होत आहे याची चर्चा करणारी वर्तमानपत्रे आणि प्रतिनिधी होते. त्याने द्राक्षे लावली, भाजीपाला लावला. खानदेश-वऱ्हाडात काय झाले?

इथे दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या, आणि माझ्या मते क्रम महत्त्वाचा आहे. अलिझरीन मुंबईच्या गोदीत उतरण्याआधीच आलीखालची जमीन डळमळीत झाली होती. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि मुंबईतले कापसाचे भाव आभाळाला भिडले. त्याच दशकात रेल्वे भुसावळवरून वऱ्हाडात शिरली आणि १८६७ला नागपूरला पोचली. खामगाव, अमरावती ही कापसाची पेठ झाली. काळी जमीन ही कापसाची, तशीच ती आलीचीही. कापूस सहा-सात महिन्यांत रोकड हातात देतो. आल तीन वर्षांनी.

त्यात रयतवारी सारा. तीस वर्षांसाठी ठरलेला, रोख, आणि दरवर्षी हप्त्याने भरायचा. पीक बुडाले तरी भरायचा, आणि आल तयार व्हायला अजून दोन वर्षे असली तरी भरायचा. तीन वर्षांचे पीक घेणाऱ्याने मधली दोन वर्षे सारा कशातून द्यायचा? दुसऱ्या रानातून, किंवा सावकाराकडून. ज्याच्याकडे चार वावरे आहेत त्याला एखाद्यात आल ठेवणे परवडे, ज्याच्याकडे एकच आहे त्याला नाही. सरकारने आलीवर बंदी घातली नव्हती, जास्तीचा कर लावला नव्हता. फक्त जमिनीचे वर्ष हे बारा महिन्यांचे आहे असे ठरवून टाकले, आणि बाजाराने त्या ठरवण्यावर शिक्का मारला. कापसाचे भाव युद्ध संपताच कोसळले, तरी कापूस मागे हटला नाही. रेल्वे, अडते, सरकी काढायचे कारखाने हे सगळे कापसासाठी उभे झाले होते. आलीसाठी काही उभे नव्हते.

अशा अवस्थेत १८७०-८०नंतर अलिझरीन आला. आणि इथे एक गोष्ट घडली जी निळीच्या कथेत नाही. रंगारी शेतकऱ्याच्या बाजूने उभा राहिला नाही, राहण्याचे त्याला कारणही नव्हते. तेलाची बैठक, हिरडा, तुरटी, ऊन, धुणे हे सारे अलिझरीनलाही तसेच लागते. आलीत मुरलेला हात अलिझरीनला लगेच बसला. फक्त शेवटच्या भांड्यात भुकटीऐवजी लगदा पडू लागला. साल वाटायला नको, प्रतवारीची कटकट नको, रंग दर वेळी सारखा. ज्याला हे कसब येत नव्हते त्याला अलिझरीन वापरता आला नसता. आपल्या रंगाऱ्यांना ते येत होते, म्हणूनच आल इतक्या लवकर गेली. दक्षिणेत मदुरेच्या सौराष्ट्र रंगाऱ्यांनीही असाच छायवेराच्या मुळांचा लाल सोडून अलिझरीन धरला.

रंगाऱ्याची पाळी पुढे आलीच. स्कॉटलंडमधल्या लेव्हन नदीच्या खोऱ्यात ‘तुर्की लाल’ रंगाचे मोठे कारखाने होते; त्यांचे तयार लाल सूत आणि मोर-वेलबुट्टीचे छापील लाल कापड मुंबईला बोटी भरभरून येई. १८९७-९८मध्ये ते कारखाने एकत्र होऊन युनायटेड टर्की रेड कंपनी झाली. सोलापूर-नागपूरच्या कोष्ट्याला लुगड्याच्या किनारीसाठी लाल सूत रंगाऱ्याकडे टाकण्याची गरज उरली नाही. शेतकरी गेला त्यानंतर एक पिढी रंगारी टिकला, इतकेच. या कारखान्यांत वापरले जाणारे ‘टर्की रेड ऑइल’ हे एरंडेल तेलावर गंधकाम्लाची क्रिया करून बनवत, आणि एरंडाची मोठी निर्यात हिंदुस्थानातून होत होती. लाल रंगाची बैठक शेवटपर्यंत आपल्याच तेलाची राहिली.

यावर कुणी म्हणेल, सगळीच रंगाची पिके अशी गेली, त्यात विशेष काय? सगळी गेली नाहीत. करडईचे पाहा. तिच्या फुलांतून निघणारा कुसुंबी रंग हा एके काळी लग्नकार्याचा, पागोट्यांचा, होळीच्या दिवसांचा रंग. पिवळा भाग पाण्याने धुऊन टाकायचा, मग सज्जीखाराने लाल सोडवायचा, आणि लिंबाच्या किंवा चिंचेच्या आंबट पाण्याने तो कापडावर बसवायचा. देखणा, पण एका धुण्याचा सोबती. ढाक्याची कुसुंबफुले विलायतेला जात. तिथल्या कचेऱ्यांत कागदपत्रे बांधायची लाल फीत रंगवायला ती वापरत, म्हणजे जिच्या नावाने आपण अजून बोटे मोडतो ती ‘लाल फीत’ काही अंशी आपल्याच शेतातली. अनिलिनच्या गुलाबीने हा रंग एका फटक्यात मारला. पण दख्खनमध्ये करडई रंगासाठी नव्हे, तेलासाठी पेरली जात होती. काटेरी म्हणून शाळूच्या कडेने जनावरांना आडवायलाही. रंग गेला, पीक राहिले. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्याची करडई तयार केल्यावर फुले वेचणे पुन्हा सोपे झाले आहे, ते त्या राहिलेल्या पिकामुळेच.

लाखेचेही तसेच. लाखेतून आधी किरमिजाच्या जोडीचा लाल रंग काढीत आणि राळ हे जोडउत्पन्न असे. रंग निरुपयोगी झाल्यावर राळ मुख्य झाली आणि लाल पाणी गटारात गेले. हळद मसाला म्हणून टिकली. हिरडा कातडी कमावायला लागतो म्हणून जुन्नर-आंबेगावच्या आदिवासी कुटुंबांच्या हाताला तो अजून काम देतो. आलीला दुसरा धंदा नव्हता. तिचे फळ कुणी खात नसे, पाला विकत नसे. एका रंगावर उभी असलेली ती, त्या रंगाबरोबर गेली.

सरकारला हे दिसत नव्हते का? चांगले दिसत होते. १८८१ साली कलकत्त्याहून लिओटार्ड यांचे हिंदी रंगद्रव्यांवरचे टिपण निघाले. लीक येथील रेशीम-रंगारी थॉमस वॉर्डल यांनी शेकडो देशी रंगांवर प्रयोग करून आपला अहवाल १८८७ला दिला. जॉर्ज वॉट यांचा आर्थिक उपजांचा अवाढव्य कोश १८८९ पासून छापला जाऊ लागला. १८९६ साली प्रांतोप्रांतीच्या रंगकामावर स्वतंत्र पुस्तिका निघाल्या. मुंबई इलाख्याची फॉसेट यांनी लिहिली. मी या कागदांचा ऋणी आहे, तेल किती दिवस पाजायचे हे सांगणारे दुसरे काही उरलेले नाही. पण त्यांचा हेतू विचित्र होता. विलायतेच्या उद्योगाला उपयोगी पडेल असा कच्चा माल शोधणे, हा. आल विलायतेला उपयोगी नाही हे ग्लासगोने पूर्वीच सांगितले होते. लीड्सला हमेल आणि धाकटे पर्किन यांनी १८९०च्या दशकात ती पुन्हा तपासली आणि मुळातले आम्ल आधी धुऊन टाकले तर रंग अधिक चांगला चढतो असे दाखवले. ही माहिती पन्नास वर्षांपूर्वी कामाची होती. दरम्यान १८८२ साली हिंदुस्थानातले बहुतेक सगळे आयात-कर लँकेशायरच्या आग्रहाने उठवले गेले होते. एका हाताने देशी रंगांची यादी करायची आणि दुसऱ्या हाताने दार सताड उघडे ठेवायचे, यात त्या राज्यकर्त्यांना विसंगती वाटली नाही. मलाही आता वाटत नाही; नोंद करणे आणि जपणे ही दोन वेगळी कामे आहेत.

त्या पुस्तिका निघाल्याच्या पुढच्याच वर्षी, १८९७मध्ये, जर्मनीतल्या बीएएसएफने कृत्रिम नीळ बाजारात आणली. या कंपनीच्या नावातले ‘अनिलिन’ म्हणजे आपली नीळच : संस्कृत नील, अरबी अल्-नील, पोर्तुगीज अनिल, आणि निळीच्या ऊर्ध्वपातनातून मिळालेले म्हणून अनिलिन. त्या वर्षी जगात सुमारे १९,००० टन वनस्पतिज नीळ होत होती. १९१४पर्यंत ती १,००० टनांवर आली. बिहारच्या मळेवाल्यांनी आपला तोटा रयतेच्या खंडात वाढ करून आणि ‘तावान’ म्हणून रोख वसूल करून भरून काढला, त्यातून १९१७चे चंपारण झाले.

मग महायुद्ध. जर्मन रंग बंद झाले, मुंबईच्या गिरण्यांत रंगाचा दुष्काळ पडला, आणि नीळ काही वर्षे परत आली, कारण नीळ एका हंगामाचे पीक आहे. भाव दिसला की पेरता येते. आलीला असे परत येणे शक्यच नव्हते. आज पेरलेली आल खणायला निघेपर्यंत युद्धच संपत येणार. शिवाय बी कुणाच्या कणगीत होते? प्रतवारी करणारा, मुळाचा तुकडा मोडून रंग सांगणारा अडता कुठे होता? पीक म्हणजे नुसते झाड नव्हे. झाड तर बांधाबांधावर उभे होते.

अलिझरीनचेही राज्य फार टिकले नाही. १९१२ साली जर्मनीत नॅफ्थॉल एएस निघाले, आणि तेलाची बैठक न करता थंड पाण्यात लाल रंगवता येऊ लागले. रंगाऱ्याचे उरलेसुरले कसब तिथे संपले. १९९४ साली जर्मनीनेच काही अझो रंगांवर, ते घातक द्रव्ये सोडतात म्हणून, बंदी घातली; १९९७ला भारतानेही घातली. तेव्हापासून नैसर्गिक रंगांना पुन्हा गिऱ्हाईक आहे, आणि दरवर्षी कुणी ना कुणी मला विचारते की आल पुन्हा लावता येईल का. रसायन म्हणून उत्तर सोपे आहे : हो. म्हणून मी अकोल्याकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याला विचारले. त्याच्या बांधावर बारतोंडीची तीन झाडे आहेत, बी हवे तेवढे घ्या म्हणाला. पिकाची रीत मी सांगितली ती त्याने शांतपणे ऐकून घेतली, किती खोल खणायचे हे दोनदा विचारले.

“सर, तीन वर्सं वावर आडकून ठेवाचं, न् मंग मानसं लावून खणाचं,” तो म्हणाला. “तोवरी सोसायटीचा हप्ता कोन भरंन?”

त्या वर्षी त्याने त्या वावरात कपाशीच लावली.